एडमंड्सच्या धक्क्यावर म्हाकूळ जिगवरून का सुटतात?

आपण लिहिले आहे की अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या एडमंड्सच्या धक्क्यावर दोन रात्री तीन-तीन तास उभे राहूनही आपल्या बादलीत एकच म्हाकूळ (स्क्विड) आला, चार-पाच वर येता येता सुटले आणि शेजारच्या आजोबांची बादली मात्र भरत गेली; तेव्हा गळाची महागडी दांडी घ्यावी का? दांडी बदलू नये. म्हाकूळ जिगला, म्हणजे दोरीच्या टोकाच्या सुयांच्या आमिषाला, लागत होते, म्हणजे जागा आणि वेळ दोन्ही बरोबर होत्या. चूक हाताच्या सवयीत आहे.

माशाच्या गळाला टोकाजवळ उलटा काटा असतो, त्यामुळे दोरी क्षणभर सैल पडली तरी मासा सहसा सुटत नाही. म्हाकुळाच्या जिगला खालच्या टोकाशी वर वळलेल्या बारीक सुयांचे एक-दोन वेढे असतात आणि त्या सुयांना उलटा काटा नसतो. म्हाकूळ जिग गिळतही नाही. तो ती आपल्या लांब शुंडांनी आणि भुजांनी धरतो, आणि दोरीला ताण आहे तोवरच सुयांवर राहतो. म्हणून लागल्याबरोबर झटका देऊ नये, कारण मऊ शुंड तुटते. आणि रीळ फिरवताना मध्ये थांबूही नये. बहुतेकांचा म्हाकूळ कठड्याजवळ सुटतो, कारण तिथे आपण रीळ सोडून खाली वाकून पाहतो. लागल्याची जाणीवही निराळी असते: हिसका बसत नाही, ओले फडके अडकल्यासारखे वजन येते, आणि कधी कधी तर म्हाकूळ जिगसह वर उठल्यामुळे असलेले वजनच नाहीसे होते. असे झाले तरी रीळ फिरवावे.

आता आजोबांच्या बादलीविषयी. त्यांना खोली सापडलेली असते. जिग तळापर्यंत सोडावी, तिथे दोन-तीनदा हळू वर-खाली करावी, मग हातभर हातभर वर घेत तेच करीत राहावे. जिथे पहिला लागेल तिथे दोरीवर शाईची खूण करावी. थवा रात्रभर एकाच पातळीवर राहत नाही, त्यामुळे अर्धा तास काही न लागल्यास पुन्हा तळापासून सुरुवात करावी.

धक्क्यावरून पाण्यावर उजेड पाडायच्या दिव्यांबाबतही नवख्यांचा गैरसमज असतो. म्हाकूळ बहुधा झगझगीत उजेडाच्या मधोमध थांबत नाहीत. ते सावलीच्या कडेला राहून उजेडात जमलेल्या बारीक माशांवर झेपावतात. म्हणून जिग उजेडापलीकडे अंधारात टाकून कडेवरून आत आणावी. दिवा दुसऱ्याने आणलेला असेल तर त्याच्याशेजारी उभे राहण्यापूर्वी विचारावे. मला आजवर कोणी नाही म्हटलेले नाही. अंधारात चमकणारी जिग अधूनमधून बॅटरीच्या उजेडात धरावी.

वेळेचे थोडक्यात सांगतो. उन्हाळ्याच्या शेवटी हे थवे हुआन दे फुकाच्या सामुद्रधुनीत येतात आणि हिवाळ्यापर्यंत प्यूजेट साउंड या खाडीत दक्षिणेकडे सरकत टकोमा शहराकडे जातात. रात्रीच्या भरतीच्या आधीचा आणि नंतरचा तास-दोन तास उत्तम.

नियम मात्र पाळावेत. पंधरा किंवा त्याहून अधिक वर्षांच्या प्रत्येकाला शेलफिशचा (शिंपले, म्हाकूळ वगैरे पकडण्याचा) परवाना लागतो, एका दोरीला चारांहून अधिक जिग चालत नाहीत, दिवसाची मर्यादा माणशी 5 क्वार्ट म्हणजे सुमारे पावणेपाच लिटर आहे आणि प्रत्येकाची बादली वेगळी हवी. नवरा-बायकोने मिळून एकच बादली भरली तरी तो नियमभंग ठरतो. निघण्यापूर्वी राज्याच्या मत्स्य विभागाच्या संकेतस्थळावर चालू नियम पाहून घ्यावेत.

मी मालवणचा, तिथे रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यात, आलेले म्हाकूळ टोपलीतून घरी येत, त्यामुळे जिवंत म्हाकूळ शाई किती लांब उडवतो हे मला पहिल्या रात्री नव्या जाकिटावर कळले. कठड्यावरून आत घेण्याआधी त्याला पाण्याच्या वरच दोन-चार क्षण लटकू द्यावे, म्हणजे शाई आणि पाणी खाली पडते. दोरीचा ताण मात्र तेव्हाही सोडू नये.