ताऱ्याला ग्रह आहे का? मग फोटो काढा ना!

प्रश्न : एप्सिलॉन एरिडानी नावाचा सूर्यासारखाच पण तरुण तारा आहे, त्याला ग्रह आहे असं एकीकडे वाचलं, दुसरीकडे वाचलं की त्यावर बरीच वर्षं वाद चालला. एवढ्या मोठ्या दुर्बिणी आहेत तर सरळ फोटो काढून मोकळं का होत नाहीत? (एक वाचक, सातारा)

उत्तर : फोटोचा प्रयत्न झालाय हो. हवाईतल्या केक दुर्बिणीने अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या, इन्फ्रारेड) प्रकाशात बघितलं, ग्रह काही दिसला नाही. तारा साडेदहा प्रकाशवर्षांवर, म्हणजे आपल्या शेजारातलाच, पण त्याच्या झगमगाटात अगदी खेटून असलेला ग्रह शोधायचा म्हणजे हेडलाइटसमोरचा काजवा शोधण्यासारखं आहे.

मग करतात काय, तर ताऱ्याचं डुलणं मोजतात. ग्रह फिरतो तसा तो ताऱ्यालाही जरासा ओढतो आणि तारा कधी आपल्याकडे कधी लांब सरकतो, त्याच्या प्रकाशातल्या रेषाही (प्रकाश रंगांच्या पट्ट्यात पसरवला की त्यात दिसणाऱ्या बारीक काळ्या रेघा) तशाच सरकतात. इथे हा वेग भरतो सेकंदाला साधारण ११ मीटर, म्हणजे गावातल्या रस्त्यावरून जाणाऱ्या स्कूटरएवढा!

खरी गंमत (आणि डोकेदुखी) ताऱ्याच्या वयात आहे. आपला सूर्य ४६० कोटी वर्षांचा, हा जेमतेम ४० ते ८० कोटींचा, त्यामुळे अंगात मस्ती भरपूर. ११-१२ दिवसांत स्वतःभोवती गिरकी आणि अंगभर डाग. आता समजा आपल्याकडे येणाऱ्या कडेवर मोठा डाग आला, तर तिकडचा प्रकाश कमी पडतो आणि रेषा अशा सरकतात की वाटावं ताराच हलला, प्रत्यक्षात तो जागच्या जागी! म्हणूनच २००० साली ग्रह जाहीर झाला तेव्हा बऱ्याच जणांनी नाकं मुरडली, आणि माझ्या मते बरोबरच केलं. पुढे तीसेक वर्षांची मोजमापं एकत्र केल्यावर २०१९ मध्ये चित्र स्पष्ट झालं, ग्रह गुरूपेक्षा थोडा हलका आणि एका फेरीला सव्वासात-साडेसात वर्षं घेणारा. डाग येतात-जातात, पण इतकी वर्षं तोच ताल धरून बसत नाहीत ना.

तारा साध्या डोळ्यांनी दिसतो बरं का. जानेवारीत रात्री आठच्या सुमाराला मृग नक्षत्रातला राजन्य (रायगेल) हा ठळक तारा शोधा, हात लांब करून तिथून साधारण एक वीत पश्चिमेला जा, वैतरणी तारकासमूहातला फिकट नारिंगी ठिपका तो हाच. शहरातल्या गच्चीवरून मात्र नादच सोडा.