विचारा की! : अध्यक्ष व्हायला निघालेल्यांना काय विचारायचं?

सध्या एका पक्षात गल्लीपासून दिल्लीपर्यंत संघटनात्मक निवडणुकांचं वारं आहे. पक्षाचं नाव घेत नाही. घेतलं की बाकीच्या पक्षांचे वाचक पान उलटतील, आणि ही पत्रं त्यांच्याही कामाची आहेत. अध्यक्षपदाचे इच्छुक कोल्हापुरात मेळावे घेणार अशी कुणकुण लागल्यापासून माझ्या टपालात दुसरा विषय नाही. माझी सगळी नोकरी सहकार खात्यात गेली. दूध संस्था, विकास सोसायट्या, कारखाने यांच्या निवडणुकांत मी टेबलाच्या पलीकडे बसायची. मतदार यादी, अर्जांची छाननी आणि मतपेटी एवढ्यातलं मला कळतं, म्हणून उत्तरंही त्याच अंगानं.

ताई, मी एकवीस वर्षांचा आहे. मूळ गाव गडहिंग्लज तालुक्यात, शिकायला कोल्हापुरात. घरात आजोबांपासून एकाच पक्षाला मत. मेळाव्यात उमेदवाराला प्रश्न विचारायचा आहे, पण मित्र म्हणतात, "तुला मतच नाही, तू कोण विचारणार?" – एक विद्यार्थी, राजारामपुरी

मित्रांचं अर्धं बरोबर आहे. तू पक्षाचा मतदार आहेस, सदस्य नाहीस. आणि उद्या पावती फाडून सदस्य झालास तरी अध्यक्ष निवडायला तुला मत मिळेलच असं नाही. तुझ्या गावाकडचंच उदाहरण घे. पहाटे म्हशीची धार काढणारा 'गोकुळ'चा, म्हणजे आपल्या जिल्हा दूध संघाचा, संचालक निवडत नाही. गावची दूध संस्था एकाच्या नावानं ठराव करते आणि तो ठरावधारक कोल्हापुरात येऊन मत टाकतो. मोठ्या पक्षांत साधारण तीच पद्धत. २०२२ च्या ऑक्टोबरात काँग्रेसच्या अध्यक्षपदाला मतदान झालं ते प्रदेश काँग्रेस समित्यांच्या प्रतिनिधींचं. देशभरातून ९,३८५ मतं पडली. खर्गेंना ७,८९७, थरूर यांना १,०७२ आणि बाद ४१६. भाजपच्या घटनेत राष्ट्रीय आणि प्रदेश परिषदांच्या सदस्यांचं मतदारमंडळ आहे. २०१४ च्या अखेरीला मिस्ड कॉल देऊन जे सदस्य झाले, त्यांच्यापर्यंत मतपत्रिका येत नाही.

(त्या ४१६ बाद मतांवर मी अजून अडकलेली आहे. सगळे जुनेजाणते प्रतिनिधी, आणि शेकड्याला चार-साडेचार मतं बाद! आधी पसंतीच्या नावापुढं '१' लिहायचं ठरलं होतं. मतपत्रिकेवर खर्गेंचा अनुक्रमांकही १ होता. थरूर गटानं हरकत घेतली, मग बरोबरची खूण करायची असं ठरलं. हरकत रास्त होती. मी तिथं असते तर मीही मान्य केली असती.)

तेव्हा तू प्रश्न जरूर विचार, आणि पहिला प्रश्न हाच विचार : "तुमची मतदार यादी कुठं बघायला मिळेल? आमच्या तालुक्याचे प्रतिनिधी कोण, आणि त्यांना कुणी, कधी निवडलं?" शे-दोनशे सभासदांच्या दूध संस्थेलासुद्धा आम्ही कच्ची यादी लावायचो, हरकती घ्यायचो, मग पक्की करायचो. २०२२ मध्ये थरूर आणि आणखी काही खासदारांना प्रतिनिधींच्या यादीसाठी निवडणूक प्रमुखांना पत्र लिहावं लागलं. यादी प्रदेश कार्यालयांत आणि उमेदवारांना बघायला मिळेल, असं उत्तर आलं. खासदारांची ही गत, तर तू विचारलंस म्हणून कुणी वेड्यात काढणार नाही. आणि काढलंच, तर विधानसभेला हीच माणसं तुझ्या आजोबांच्या पाया पडायला येणार आहेत हे आठव.

मला एकच प्रश्न विचारायला मिळेल. "देशासाठी तुमचं व्हिजन काय?" हा कसा वाटतो? – एक दुकानदार, लक्ष्मीपुरी

अजिबात नको. तुम्हाला वीस मिनिटांचं भाषण मिळेल, टाळ्या पडतील आणि घरी जाताना तुमच्या हातात काही नसेल. कागदावर तपासता येईल असंच काहीतरी विचारा.

तुम्ही लक्ष्मीपुरीतले, म्हणजे महापालिकेची निवडणूक जवळून बघितलेली. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत काय चालतं? एबी फॉर्म! पक्षाच्या वतीनं नाव कळवायचा अधिकार कुणाला, ते ए फॉर्ममध्ये असतं. प्रत्यक्ष उमेदवाराचं नाव बी फॉर्ममध्ये. वर्षानुवर्षं पक्षाचे झेंडे बांधलेला माणूस बायको-पोरांसह कार्यालयाबाहेर उभा असतो आणि कुणाच्या तरी गाडीतून दुसऱ्याच्याच नावाचा फॉर्म उतरतो. अशी माणसं मी रडताना बघितली आहेत. एकाला तर मीच पाणी दिलं. बाकी काही देणं माझ्या हातात नव्हतं. इच्छुकांच्या मुलाखती होतात, फोटो निघतात, पण त्या मुलाखतीत कुणाला किती गुण पडले हे आजवर कुणी सांगितल्याचं मला माहीत नाही.

म्हणून अध्यक्ष व्हायला निघालेल्याला विचारा : "कोल्हापुरातला बी फॉर्म कुणाच्या सहीनं येणार? नाव अर्ज भरायच्या किती दिवस आधी जाहीर करणार? ज्याला नाकारलं त्याला कारण लेखी देणार का?"

ते म्हणतील, असं कुठं असतंय व्हय! असतं. २०२० च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं पक्षांना सांगितलं, की ज्याच्यावर फौजदारी गुन्हे प्रलंबित आहेत अशाला उमेदवारी द्याल तर ती का दिली, आणि गुन्हे नसलेला दुसरा माणूस का चालला नाही, हे वर्तमानपत्रात आणि वेबसाइटवर छापा. 'निवडून येण्याची क्षमता' एवढंच कारण चालणार नाही, हेही त्यात आहे. गुन्हे असलेल्याला घेतल्याचं कारण कायद्यानं द्यावं लागतं, तर प्रामाणिक माणसाला नाकारल्याचं कारण निदान आपल्या घरच्या कार्यकर्त्याला द्यायला काय हरकत आहे?

मी महिला आघाडीत पदाधिकारी आहे. मेळाव्याला बायका आणायच्या, ओवाळायचं, पुढच्या खुर्च्या भरायच्या हे आमचं काम. उमेदवाराला खडसावून काही विचारावं असं वाटतं, पण काय? – एक वाचक, इचलकरंजी

बाई, तुम्ही आकडे घेऊन जा. आपल्या जिल्ह्यात विधानसभेच्या दहा जागा. २०२४ ला दहाच्या दहा ठिकाणी पुरुष निवडून आले. त्याआधी चंदगडला संध्यादेवी कुपेकर आणि कोल्हापूर उत्तरला २०२२ च्या पोटनिवडणुकीत जयश्री जाधव आमदार झाल्या. दोघींनाही विधानसभेची पहिली उमेदवारी पतीच्या निधनानंतर झालेल्या पोटनिवडणुकीत मिळाली. त्यांच्या कर्तृत्वाबद्दल मला शंका नाही. माझा प्रश्न तिकीट देणाऱ्यांना आहे, की नवरा हयात असताना बाई त्यांना दिसत का नाही.

महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत, २०११ पासून. म्हणजे नगरसेविका, जिल्हा परिषद सदस्या, सभापती अशी अनुभवी बायकांची फळी पक्षाकडे तयार आहे. त्यांच्यातल्या कितीजणींना पुढं खुल्या जागेवर उभं केलं? लोकसभा आणि विधानसभेतल्या एक-तृतीयांश आरक्षणाची घटनादुरुस्ती २०२३ मध्ये झाली, पण ती लागू व्हायची ती जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेनंतर. उमेदवार तिचंच नाव घेऊन सुटायला बघेल. तुम्ही त्याला तिथंच अडवा : "कायद्याची वाट न बघता पुढच्या विधानसभेला या दहापैकी किती जागा आम्हाला देणार? आणि तिकिटं ठरवणाऱ्या समितीत, आघाडीच्या अध्यक्षा सोडून, बायका किती?"

आकडाच मागा. "माता-भगिनींचा सन्मान" सुरू झाला की हात वर करून परत आकडा मागा. आणि त्या दिवशी ओवाळायचं ताट दुसऱ्या कुणाला तरी धरू दे.

माझा मुलगा लंडनला नोकरीला आहे. तो म्हणतो, तिथं पक्षाचे साधे सदस्य थेट नेता निवडतात, उमेदवार गावोगाव जाऊन प्रश्नांना उत्तरं देतात. आपल्याकडे असं झालं तर सगळे प्रश्न सुटतील, नाही का? – निवृत्त प्राध्यापक, ताराबाई पार्क

सर, मुलगा सांगतो ते खरं आहे, पण पुढची गोष्टही त्यानं सांगायला हवी होती. २०२२ च्या उन्हाळ्यात तिथल्या हुजूर (काँझर्व्हेटिव्ह) पक्षाच्या खासदारांनी बऱ्याच जणांतून दोघं शिल्लक ठेवले, लिझ ट्रस आणि ऋषी सुनक. मग सदस्यांनी मतं दिली : ट्रस ८१,३२६, सुनक ६०,३९९. मधल्या काळात सभा झाल्या, टीव्हीवर समोरासमोर वाद झाले. कर कमी करणार म्हणता, तर पैसा आणणार कुठून, हा प्रश्न ट्रसबाईंना परत परत विचारला गेला. सुनक तर तोच मुद्दा धरून बसले होते. सदस्यांनी ऐकलं, आणि मत ट्रसबाईंनाच दिलं. २३ सप्टेंबरला त्यांच्या सरकारनं करकपात जाहीर केली, पौंड कोसळला, २० ऑक्टोबरला राजीनाम्याची घोषणा.

थेट मतदानानं शहाणपण येतं असं नाही. तरी एक फायदा झाला. प्रश्न आणि उत्तर दोन्ही चारचौघांत झालेलं होतं, त्यामुळे नंतर "आम्हाला कुणी सांगितलंच नाही" म्हणायला कुणाला जागा उरली नाही. आपल्याकडे २०२२ मध्ये थरूर यांनी खुल्या वादाची तयारी दाखवली होती. खर्गेंनी त्यात रस दाखवला नाही. मला ते पटलं नव्हतं.

उमेदवार एकच असेल आणि निवड बिनविरोध असेल तर? – एक कार्यकर्ता, कागल

तर त्या एकालाच विचारा. आणि सोबत हेही, की दुसऱ्यानं अर्ज नेला होता का, आणि माघार कुणाच्या बंगल्यावर झाली.

पक्ष फुटला. दोन्हीकडं आमचीच माणसं. गावात एका घरात दोन झेंडे झाले. परत असं होऊ नये म्हणून नव्या अध्यक्षाला काय विचारू? – एक जुना कार्यकर्ता, करवीर तालुका

दादा, फूट थांबवेल असा प्रश्न माझ्याकडे नाही. पण फुटीनंतर घर कुणाचं हे ज्या कागदावर ठरतं, तो कागद आधी बघायला मागा. तो कागद म्हणजे पक्षाची घटना. शिवसेनेच्या वादात १७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगानं नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिलं. तेव्हा २०१८ मध्ये बदललेल्या घटनेवर आयोगानं बोट ठेवलं : ती आयोगाच्या दप्तरी नाही आणि लोकशाहीला धरून नाही. पुढं १० जानेवारी २०२४ ला विधानसभा अध्यक्षांनीही १९९९ ची घटनाच प्रमाण धरली, कारण आयोगाकडे तीच होती. निकाल कुणाला पटला, कुणाला नाही, त्यात मी पडत नाही. पण अख्ख्या पक्षाचा वाद दप्तरातल्या एका कागदाशी येऊन थांबला, हे बघून माझ्यातली कारकून दचकली.

आणि कायदा तुम्हाला वाचवेल असं समजू नका. पक्षांच्या नोंदणीचं कलम १९८९ मध्ये आलं. पक्षात वेळेवर निवडणूक घेतली नाही म्हणून नोंदणी काढून घ्यायचा सरसकट अधिकार मात्र आयोगाला नाही; २००२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातून तेच निघतं. पक्षांच्या घटना आयोगाच्या वेबसाइटवर असतात. नातवाला काढून द्यायला सांगा. मग विचारा : "शेवटचा बदल कधी केला, आयोगाला कळवल्याची पोच कुठंय, आणि तुमची मुदत संपल्यावर पुढची निवडणूक कुठल्या महिन्यात?"

पैशाचं विचारावं का? वाईट दिसेल का? – कर सल्लागार, शाहूपुरी

तुम्हीच असं विचारताय म्हणजे कमाल झाली. देणगीदाराचं नाव बाहेर न येता पक्षाला पैसे देता येणारे निवडणूक रोखे सर्वोच्च न्यायालयानं १५ फेब्रुवारी २०२४ ला रद्द केले. वीस हजारांवरच्या देणग्यांची यादी पक्षाला आयोगाकडे द्यावीच लागते. दिल्लीचा हिशेब दिल्लीत होतो. तुम्ही जिल्ह्याचा मागा. मेळाव्याच्या मांडवाचं आणि जेवणाचं बिल कुणी भरलं, एवढं विचारलंत तरी सभागृह जागं होईल.

मागच्या मेळाव्यात मी उठलो तर कार्यकर्त्यांनी "साहेबांना वेळ नाही" म्हणून खाली बसवलं. आता काय करू? – एक शेतकरी, शिरोळ तालुका

एकट्यानं उठू नका. गावातले पाच-सात जण मिळून प्रश्न एका कागदावर लिहा, तारीख घाला, सगळ्यांच्या सह्या करा. दोन प्रती काढा. एक व्यासपीठावर द्या, दुसरीवर पोच घ्या. आवक-जावक नोंदवणारा कुणीतरी प्रत्येक पक्ष कार्यालयात असतोच, तो सही-शिक्का देतो. सभेत उत्तर आलं तर तिथल्या तिथं प्रतीवर लिहून ठेवा, त्यांच्याच शब्दांत. पोच नाकारली तर तोच कागद स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा. पत्ता पक्ष कार्यालयाचा घाला, साहेबांच्या बंगल्याचा नको.