दुर्मीळ तेच महाग?

प्रश्न : सोलापुरातील सराफांकडे माणकांचे भाव ऐकून थक्क झालो. जगातील सर्वांत दुर्मीळ रत्नच सर्वांत महाग असते का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही. म्यानमारच्या मोगोक परिसरात मिळालेल्या क्यॉथुआइट या खनिजाचा १.६१ कॅरटचा एकच तांबूस नारिंगी खडा ज्ञात असून तो लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात आहे; ज्याचा दुसरा नगच नाही, त्याचा बाजारभाव ठरणार कसा? भावासाठी थोडा तरी माल आणि चढाओढ करणारी गिऱ्हाइके लागतात. ती रंगीत हिऱ्यांना लाभतात : ५९.६० कॅरटचा ‘पिंक स्टार’ २०१७ साली हाँगकाँगच्या लिलावात सुमारे ७.१ कोटी डॉलरना गेला. बाजारातील बहुतेक माणकांचा रंग मात्र उष्णता देऊन खुलवलेला असतो, त्यामुळे सराफ कितीही ओळखीचा असला तरी प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागावे.