एटीआरवर ९०० तास झालेत; मोठ्या कंपनीच्या एअरबसवर आता जावं, की आधी कमांड घ्यावी?

नमस्कार ताई. तुम्ही लिहिलंय की वरुडजवळच्या खेड्यातून निघून तुम्ही एका प्रादेशिक कंपनीत एटीआर ७२ या पंख्यांच्या छोट्या विमानावर को-पायलट झालात आणि ९०० च्या आसपास तास झालेत. वडिलांनी संत्र्याच्या बागेवर कर्ज काढल्यामुळे सातबाऱ्यावर बँकेचा बोजा आहे. आता मोठ्या कंपनीत एअरबसवर जायचं तर लगेच निघावं, की एटीआरची कमांड घेऊन, म्हणजे कॅप्टन होऊन, मग निघावं, हा तुमचा प्रश्न.

माझं मत विचाराल तर आज निघू नका आणि कमांडसाठीही थांबू नका. एटीपीएल, म्हणजे कॅप्टन व्हायला लागणारं लायसन्स, हातात पडलं की निघा.

नेटवर या विषयावर जे सापडतं ते बहुतेक अमेरिकेचं असतं, त्यावर हिशेब मांडू नका. २००९ मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडलं, आणि २०१३ पासून तिथे को-पायलटलाही साधारण १५०० तास लागतात. म्हणून तिकडे आधी शिकवून तास जमवायचे, मग रीजनल, मग मेजर अशी चढण आहे. काही रीजनल कंपन्या मोठ्या कंपनीच्याच मालकीच्या असल्याने क्रमाने वर सरकायची सोयही असते. आपल्याकडे २०० तासांच्या सीपीएलवर, म्हणजे व्यावसायिक पायलटच्या पहिल्या लायसन्सवर, पायलट थेट एअरबसच्या उजव्या सीटवर बसू शकतो. एटीआर ही इथे सक्तीची पायरी नाही, त्यामुळे वर नेणारी ठरलेली वाटही नाही. इंडिगोसारख्या कंपनीत एटीआर आणि एअरबस एकाच घरात आहेत, तिथे आतल्या आत बदली होऊ शकते. अलायन्स एअर पूर्वी एअर इंडियाच्या कुटुंबात होती, पण जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली आणि अलायन्स सरकारकडेच राहिली. छोट्या कंपनीतून जायचं म्हणजे बाहेरचा उमेदवार म्हणूनच अर्ज करावा लागतो.

आता तास. एटीपीएलला एकूण १५०० तास लागतात, म्हणजे तुम्हाला अजून ६०० हवेत. ३६५ दिवसांत १००० तासांची मर्यादा आहे, पण छोट्या कंपनीत तेवढे क्वचितच मिळतात. महिन्याला ५५ तास धरले तर अकरा महिने. खरी अडचण मात्र एकूण तासांत येत नाही, ती रात्रीच्या तासांत येते. एटीपीएलला रात्रीचे १०० तास लागतात, आणि उडान योजनेतल्या कितीतरी विमानतळांवर रात्री उतरायची सोयच नाही. दिवसभर पाच-सहा सेक्टर (एकेक उड्डाण) मारणाऱ्या एटीआर पायलटचे १५०० भरतात आणि रात्रीचे ६०-७० वरच अडकतात. आजच लॉगबुक काढून रात्रीचा रकाना बेरजेला घ्या. कमी असेल तर रोस्टरवाल्यांना आत्तापासून लेखी विनंती करून शेवटचं संध्याकाळचं सेक्टर मागत राहा. इन्स्ट्रुमेंटच्या, म्हणजे बाहेर न बघता उपकरणांवर उडवलेल्या, १०० तासांचंही तसंच. ढगात प्रत्यक्ष उडालेला वेळ त्याच दिवशी लिहिला नाही तर वर्षभराने आठवणीवरून लिहिता येत नाही, आणि तसा लिहूही नये.

दुसरा अडथळा पीआयसीयूएसचा, म्हणजे कॅप्टनच्या देखरेखीखाली कॅप्टनचं काम करून मिळालेल्या तासांचा. सीपीएल करताना तुमचे पीआयसीचे, म्हणजे विमानाचा मुख्य पायलट म्हणून, जेमतेम १०० तास झाले असतील. एटीपीएलला ते पुरत नाहीत, वरचे पीआयसीयूएसमधून भरावे लागतात. ते आपोआप मिळत नाहीत. कंपनीने तुम्हाला त्यासाठी मान्यता द्यावी लागते, आणि त्या फ्लाइटनंतर कॅप्टनची सही लागते. सही राहिली आणि तो कॅप्टन दुसऱ्या कंपनीत गेला की ते तास वाया गेल्यासारखेच. प्रत्येक फ्लाइटची सही उतरल्या दिवशीच घ्या. ईजीसीए या सरकारी पोर्टलवरच्या ई-लॉगबुकचे आकडे कंपनीच्या नोंदींशी दर महिन्याला जुळवून पाहा. सगळ्यात जास्त घोळ वेळेचा असतो: एका ठिकाणी यूटीसी (ग्रीनिचची वेळ), दुसऱ्या ठिकाणी भारतीय वेळ, आणि साडेपाच तासांच्या फरकाने तारीखच बदलते.

एटीपीएलचे पेपर म्हणजे नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी आणि रेडिओ एड्स. पास व्हायला प्रत्येकी ७० टक्के लागतात. तास भरायची वाट न बघता हे आत्ताच द्या. १५०० भरल्यावर अभ्यासाला बसणारे तिथेच सहा महिने घालवतात.

नोटीसचा मुद्दा नीट वाचा, कारण माझं मत त्यावरच उभं आहे. डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे को-पायलटला सहा महिन्यांची आणि कमांडरला एका वर्षाची नोटीस द्यावी लागते. म्हणजे डाव्या सीटवर बसलात की बाहेर पडायला लागणारा वेळ दुप्पट झाला. शिवाय मोठ्या कंपनीत गेल्यावर एटीआरचा कॅप्टनही बहुधा पुन्हा उजव्या सीटवरच बसतो, आणि ज्येष्ठता रुजू झालेल्या दिवसापासून मोजली जाते. मधल्या काळात तिथे जेवढे लोक भरती झाले ते सगळे तुमच्या पुढे. कमांडचा पगार चांगला असतो हे खरं, आणि कर्ज फेडणाऱ्याला तो खुणावणारच. म्हणून एकच अपवाद सांगतो: एटीपीएल मिळाल्यावर सहा महिन्यांच्या आत कमांडचं ट्रेनिंग सुरू होईल असं कंपनी तारखेसह लेखी देत असेल, तर घ्या, दीड-दोन वर्षं कॅप्टन म्हणून काम करा, कर्जाचा मोठा भाग उतरवा. ‘बघू, लवकरच करू’ हे तोंडी असेल तर त्यावर एक महिनाही थांबू नका.

बाँडचा, म्हणजे मुदतीआधी सोडलं तर पैसे भरायच्या कराराचा, कागद काढा. दोन गोष्टी बघायच्या. रक्कम महिन्यागणिक कमी होते का, की शेवटच्या दिवसापर्यंत पूर्णच राहते? आणि मुदत कधीपासून मोजली आहे, रुजू झाल्यापासून की लाइनवर रिलीज झाल्यापासून, म्हणजे ट्रेनिंग संपून नेहमीच्या फ्लाइटवर लागल्यापासून? या दोन तारखांत सहा-आठ महिन्यांचा फरक सहज पडतो. कंपनीकडे तुमचे सहीचे चेक असतील तर सोडताना ते परत मिळाल्याची पोच घ्या. आणि नवीन कंपनीचं ऑफर लेटर, त्यात ट्रेनिंगची तारीख, हे हातात आल्याशिवाय राजीनामा टाकू नका.

जाहिरात वाचताना ‘टाइप रेटेड’ (त्या विमानाचं रेटिंग लायसन्सवर आधीच असलेले) आणि ‘नॉन-टाइप रेटेड’ (ते नसलेले) हा फरक बघा. तुमच्यासाठी दुसरी. स्वतःच्या खर्चाने आधी एअरबसचं रेटिंग करून ठेवू का, असं विचारलंय त्यावर स्पष्ट सांगतो, करू नका. दहा लाखांच्या पुढेच जातं. तास नसलेलं रेटिंग असून विशेष फायदा नाही, आणि नोकरी लागेपर्यंत ते चालू ठेवायला पुन्हा सिम्युलेटरचे पैसे जातात. बोजा असलेल्या वावरावर दुसरं कर्ज चढवायचं हे कारण नाही. काही कंपन्या खर्च स्वतः करून बाँड घेतात, काही पगारातून कापतात. ऑफर आली की हे आधी विचारा.

निवडीत लेखी, मानसशास्त्रीय चाचणी, सिम्युलेटर आणि मुलाखत असते. मुलाखतीला जाताना लोक एअरबसचं पुस्तक पाठ करतात आणि रोज चालवत असलेल्या विमानावर अडकतात. तुम्हाला एटीआरवरच विचारतील. ऑटोफेदर (बंद पडलेल्या इंजिनाच्या पंख्याची पाती आपोआप वाऱ्याला समांतर करणं) कसं काम करतं, एटीपीसीएस ही इंजिनांची आपोआप चालणारी यंत्रणा टेकऑफला काय करते, आयसिंगमध्ये (विमानावर बर्फ धरताना) किमान वेग का वाढवतात. २०१५ चा तैपेईचा ट्रान्सएशियाचा अपघात आणि जानेवारी २०२३ चा पोखऱ्याचा यती एअरलाइन्सचा अपघात, दोन्ही एटीआर ७२ चे, नीट वाचून ठेवा. पहिल्यात एक इंजिन फेदर झालं आणि दुसरं, चालू असलेलं, मागे घेतलं गेलं. दुसऱ्यात फ्लॅपऐवजी (पंखांमागच्या झडपांऐवजी) पंख्यांच्या पात्यांचे कंडिशन लिव्हर हलवले गेले आणि दोन्ही पंखे फेदर झाले. लिव्हरला हात लावण्याआधी दोघांनी तो बघून, नाव घेऊन खात्री करायची, ही सवय तुमच्यात किती रुजलीय हे सिम्युलेटरवर बसल्या बसल्या दिसतं.

आता विमान बदलताना काय नडतं ते. इथे एटीआरवाल्यांचे सिम्युलेटरचे बहुतेक एक्स्ट्रा सेशन जातात.

एटीआरवर पॉवर लिव्हर फ्लाइट आयडलला आणले की सहा पात्यांचे ते दोन पंखे ब्रेकसारखे हवा अडवतात. उंची जास्त राहिली, वेग जास्त राहिला, तरी शेवटच्या दहा मैलांत सावरता येतं. ए३२० वर, म्हणजे एअरबसवर, ही सोय नाही. तीन अंशांच्या उतारावर फ्लॅप-गिअर आत असताना थ्रस्ट आयडलला असला तरी वेग जवळपास कमीच होत नाही. एका वेळी एकच मिळतं, एकतर खाली या किंवा वेग कमी करा. म्हणून आकडेमोड आधी करायची. हजारांतल्या उंचीला तीनने गुणा. १८,००० फुटांवरून ५४ मैल, ही तुमची आजची सवय. ३६,००० वरून १०८ मैल, आणि वर वेग उतरवायला दहाएक मैल. सरळ पातळीत क्लीन (फ्लॅप-गिअर आत असलेल्या) विमानाचा वेग मैलाला साधारण १० नॉट उतरतो, तोच हिशेब धरायचा. १०,००० फुटांना ३० मैल आणि २५० नॉट अशी खूणगाठ बांधली तर बरेच अप्रोच आपोआप स्थिर होतात. लँडिंगच्या वेळी ए३२० चं वजन एटीआरच्या जवळपास तिप्पट आणि वेग २०-२५ नॉटनी जास्त, म्हणजे अंगातली ऊर्जा साधारण चौपट. हजार फुटांवर स्थिर नसाल तर गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर. ‘होईल’ म्हणून ओढत नेऊ नका.

हाताच्या सवयी बदलतात. एटीआरवर ऑटोथ्रॉटल नाही, हात लिव्हरवर असतो आणि पॉवर किती आहे हे हातालाच कळतं. एअरबसवर लिव्हर क्लाइंबच्या खाचेत उभे राहतात आणि आतला थ्रस्ट कमीजास्त होत राहतो, लिव्हर हलत नाहीत. त्यामुळे एन१ (इंजिनाच्या फिरण्याचा आकडा) आणि एफएमए (ऑटोपायलट आणि थ्रस्ट कोणत्या मोडमध्ये आहेत ते दाखवणारी पट्टी) डोळ्यांनी वाचायचे, मोठ्याने बोलायचे. एफएमए न वाचणारा एटीआरवाला प्रशिक्षकाला पहिल्याच दिवशी ओळखू येतो. ट्रिमचं (हातावरचा भार काढायचं) बटण अंगठ्याने शोधू नका, विमान स्वतः ट्रिम करतं. पॉवर बदलली की पाय रडरवर जातात, तेही आवरा. जेटवर पाय टेकऑफ, लँडिंग आणि इंजिन बंद पडण्यासाठी.

आडव्या वाऱ्यात योक (एटीआरचं सुकाणू) वाऱ्याकडे धरून ठेवायची सवय साइडस्टिकवर (एअरबसच्या बाजूच्या दांडीवर) सगळ्यात महागात पडते. स्टिक किती वळवली यावर विमान किती वेगाने कलणार हे ठरतं. धरून ठेवली तर ते कलतच जातं. थोडंसं द्या, मध्ये सोडा, बघा, पुन्हा द्या. दोन्ही स्टिक एकमेकींना जोडलेल्या नाहीत, बाजूच्याने काय केलं ते तुमच्या हाताला कळत नाही, आणि दोघांनी हलवली तर बेरीज होते. म्हणून ताबा घेताना तोंडाने सांगायचं आणि बटण दाबायचं. फ्लेअर, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलणं, ३० फुटांच्या आसपास, आणि विमान ‘रिटार्ड’ म्हणतं तेव्हा लिव्हर पूर्ण आयडलला. अर्धवट मागे घेतले तर विमान तरंगत राहतं आणि धावपट्टी संपत जाते.

ग्राउंड क्लास, सिम्युलेटर, स्किल टेस्ट, लायसन्सवर नोंद, मग देखरेखीखाली लाइन फ्लाइंग, या सगळ्याला चार ते सहा महिने धरा. या काळात पूर्ण फ्लाइंग अलाउन्स मिळत नाही, बहुतेक ठिकाणी स्टायपेंडच असतो.

गावी आलात की एक काळजी घ्या. आईने खोकल्याला किंवा अशक्तपणाला दशमूलारिष्टासारखं काही दिलं तर ड्युटीआधी घेऊ नका. आसव-अरिष्टांत मद्यार्क असतो. ब्रेथ ॲनालायझर पहिल्यांदा पॉझिटिव्ह आला तरी लायसन्स तीन महिने निलंबित होतं, आणि पुढची प्रत्येक कंपनी तो रेकॉर्ड मागते.

हप्त्यांचा हिशेब शेवटी बागेशीच जुळवावा लागेल. सहा महिन्यांची नोटीस आणि त्यापुढचे चार ते सहा महिने ट्रेनिंग. नोटीसच्या काळात पूर्ण पगार चालू असतो, तेव्हाच सहा हप्त्यांइतकी रक्कम वेगळ्या खात्यात टाका. आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबर ते डिसेंबरात निघतात. निवड झाली आणि कंपनीने तारीख निवडायची मोकळीक दिली, तर ट्रेनिंग सप्टेंबर-ऑक्टोबरला सुरू होईल असं बघा, म्हणजे मार्चच्या आसपास राजीनामा. हातात स्टायपेंड असण्याच्या महिन्यांत बागेचे पैसे घरात येतील, आणि बँकेचा हप्ता चुकणार नाही.