वाचकांचे प्रश्न : रोज रात्री बंद करूनही संगणकाची मेमरी का भरत जाते?

प्रश्न : मी सहकारनगरात राहतो. बँकेतून निवृत्त झाल्यावर घरच्या संगणकावर सोसायटीचे हिशेब, थोडे टंकलेखन आणि परदेशातील मुलाशी व नातवाशी व्हिडिओवर बोलणे एवढीच कामे करतो. संगणक असेंबल करून घेतलेला आहे आणि त्यावर विंडोज ११ आहे. काही दिवस तो उत्तम चालतो. मग एखाद्या संध्याकाळी माउसचा बाण अडखळू लागतो, टास्क मॅनेजरमध्ये, म्हणजे चालू प्रोग्रॅमांची यादी दाखवणाऱ्या विंडोजच्या खिडकीत, मेमरी ९३ टक्के भरलेली दिसते आणि सगळे प्रोग्रॅम बंद केले तरी ती ८० टक्क्यांच्या खाली येत नाही. यादीतील सर्व प्रोग्रॅमांच्या आकड्यांची मी कॅल्क्युलेटरवर बेरीज केली, ती चार जीबीसुद्धा भरत नाही. मग उरलेली मेमरी कोण वापरतो? दुकानदाराने आधी रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासून दिले, नंतर ८ जीबीच्या जागी १६ जीबी रॅम बसवली. फरक एवढाच पडला, की पूर्वी तिसऱ्या दिवशी येणारी अडचण आता आठवड्याने येते. संगणक मी रोज रात्री न चुकता बंद करतो. आणखी एक गोष्ट सांगितली तर आपण हसाल. आमच्या भागात काही गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. माझ्या यूपीएसची बॅटरी निकामी झालेली असल्याने संगणक चालू असेल तर तो तत्क्षणी बंद पडतो, आणि त्यानंतर पुढचे काही दिवस तो नव्यासारखा चालतो. विजेच्या दाबाचा याच्याशी काही संबंध असेल का?

उत्तर : हसण्याचे काहीच कारण नाही, कारण आपल्या पत्रातील सर्वांत उपयोगी माहिती हीच आहे. विजेच्या दाबाचा मात्र येथे संबंध नाही. आपले पत्र आल्यावर आम्ही आपल्याला दोन आकडे रोज सकाळी आणि रात्री वहीत लिहून ठेवण्यास सांगितले होते. आपण बारा दिवसांच्या नोंदी पाठवल्यात, त्यामुळे उत्तर अंदाजाने देण्याची वेळ आली नाही.

प्रथम नावाविषयी. आपल्या अडचणीला ‘मेमरी लीक’, म्हणजे मेमरीची गळती, म्हणतात. या शब्दामुळे पुष्कळांना रॅमच्या पट्टीतच काही बिघाड असल्यासारखे वाटते. पट्टी सदोष असेल तर निळा पडदा येतो, फायली खराब होतात किंवा संगणक सुरूच होत नाही. मेमरी दिवसागणिक हळूहळू भरत जात नाही. खोडरबराचा उपायही चुकीचा नाही, पण तो पट्टीचे टोक आणि खाच यांच्यातील संपर्क बिघडला असेल तेव्हाचा. येथील गळती ही बँकेच्या भाषेत सांगायचे तर परत न आलेल्या उचलीसारखी आहे. प्रोग्रॅम विंडोजकडून मेमरी मागून घेतो, काम झाले की ती परत करणे त्याच्यावर असते, आणि तो विसरला तर ती त्याच्या नावावर अडकून राहते. असा विसराळू प्रोग्रॅम आपण बंद केला, तर विंडोज त्याच्या नावावरची सगळी मेमरी स्वतःहून परत घेते. म्हणून सर्व काही बंद केल्यावरही जेव्हा मेमरी मोकळी होत नाही आणि यादीची बेरीज जुळत नाही, तेव्हा ही उचल कोणत्याही साध्या प्रोग्रॅमची नाही, हे जवळजवळ ठरूनच जाते. ती असते ड्रायव्हरची, म्हणजे वाय-फाय, ध्वनी, प्रिंटर अशा उपकरणांशी विंडोजचे बोलणे करून देणाऱ्या आज्ञावलीची. यांतील बहुतेक ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यातच राहतात, त्यांनी घेतलेली मेमरी कोणत्याही प्रोग्रॅमच्या खात्यावर पडत नाही, आणि म्हणूनच ती यादीत दिसत नाही.

ती दिसते ती दुसरीकडे. टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ या भागात ‘मेमरी’वर क्लिक केल्यास तळाशी ‘नॉन-पेज्ड पूल’ (गाभा आणि ड्रायव्हर यांनी घेतलेला मेमरीचा साठा) असा एक आकडा असतो, ज्याकडे सहसा कोणी पाहत नाही. आपल्याला आम्ही हाच पहिला आकडा लिहिण्यास सांगितला होता. इतर मेमरीवर ताण आला की विंडोज तिच्यातील मजकूर डिस्कवरील पेज फाइलमध्ये हलवते. या पूलमधील मजकूर मात्र तसा हलवता येत नाही, कारण ड्रायव्हरला तो ज्या क्षणी लागतो, त्या क्षणी डिस्कवरून आणून देण्याइतकी उसंत गाभ्याला नसते. तो रॅममध्येच ठाण मांडून राहतो. पेज फाइल वाढवण्याचा सल्ला आपल्याला कोणी दिलाच, तर तो येथे का निरुपयोगी आहे, हे यावरून लक्षात येईल. घरच्या संगणकावर हा आकडा साधारणतः काहीशे एमबीच्या घरात असतो.

आता आपली वही पाहू. वीज गेल्यानंतरच्या शुक्रवारी सकाळी आपला आकडा २८० एमबी होता. शनिवारी रात्री तो १.१ जीबी झाला. रविवारी नातवाशी दोन तास बोलणे झाले आणि लग्नाचे फोटो पाठवले गेले, त्या रात्री ३.४ जीबी. सोमवारी आपण केवळ हिशेब टंकित केले आणि आकडा जागेवरून हलला नाही. मंगळवारी आपण साताऱ्यास गेलात, संगणक दिवसभर बंद होता. बुधवारी सकाळी तो सुरू केल्यावर आपण जो आकडा लिहिलात, तो पुन्हा ३.४ जीबीच. त्याखाली आपण दोनदा रेघ ओढली आहे, ती योग्यच आहे.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी, की इंटरनेटवरून पुष्कळ माहिती जाते-येते, त्याच दिवशी गळती होते, म्हणजे संशय नेटवर्कच्या ड्रायव्हरवर आहे. आपण यूएसबीला लावायचे वाय-फायचे डोंगल वापरता असे आपल्या दुसऱ्या पत्रात आहे, तेव्हा सुरुवात तेथूनच करावी.

दुसरी गोष्ट अधिक चमत्कारिक आहे. दीड दिवस बंद असलेल्या संगणकात रविवारची गळती शिल्लक कशी राहिली? याचे उत्तर आपण लिहिलेल्या दुसऱ्या आकड्यात आहे. ‘परफॉर्मन्स’मधील ‘सीपीयू’ या भागात ‘अप टाइम’ म्हणून विंडोज पहिल्यापासून सुरू झाल्यानंतरचा जो काळ दिसतो, तो त्या बुधवारी सहा दिवसांच्या आसपास होता, जरी आपण संगणक रोज बंद करीत होता. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे आणि ती बहुतेक संगणकांवर मुळातच चालू असते. आपण ‘शट डाउन’ म्हणता, तेव्हा आपले प्रोग्रॅम खरोखर बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि त्यातील ड्रायव्हर जसेच्या तसे डिस्कवरील एका फाइलमध्ये लिहून ठेवले जातात आणि सकाळी तेथून उचलून पुन्हा रॅममध्ये मांडले जातात. संगणक लवकर सुरू होतो तो यामुळे. ड्रायव्हरने न फेडलेली उचलही त्याच्यासोबत रात्री झोपते आणि सकाळी उठते. संगणक चालू असताना वीज गेली, तर हे लिहून ठेवणे घडतच नाही. पुढच्या वेळी विंडोजला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते आणि पूलची पाटी कोरी होते. ज्या गुरुवारी वीज गेली नाही किंवा गेली तेव्हा संगणक बंदच होता, त्या आठवड्यात आपल्याला त्रास झाला असणार. आपला दोष ‘अधूनमधून’ येतो असे वाटते, त्यामागे एक नातवाचे फोन आणि दुसरी महावितरणची दुरुस्ती अशी दोन वेळापत्रके आहेत. अर्थात चालू संगणकाची वीज तोडणे हा उपाय मानू नये. ‘रीस्टार्ट’ केल्यानेही गाभा पूर्णपणे नव्याने सुरू होतो. ‘शट डाउन’पेक्षा ‘रीस्टार्ट’ने अधिक स्वच्छता होते, हे ऐकायला उलटे वाटते पण तसेच आहे. शिफ्टची कळ दाबून ठेवून ‘शट डाउन’वर क्लिक केले, तरी त्या वेळेपुरते खरे बंद होणे घडते.

करायचे ते असे. दोन दिवस डोंगल काढून ठेवून राउटरपासून संगणकापर्यंत लॅनची केबल ओढावी, एकदा ‘रीस्टार्ट’ करावे, नातवाशी नेहमीप्रमाणे बोलावे आणि वही चालू ठेवावी. आकडा तीन-चारशे एमबीच्या आत थांबला, तर दोषी डोंगलचा ड्रायव्हर. मग ज्या कंपनीची चिप त्या डोंगलमध्ये आहे, तिच्या संकेतस्थळावरून नवा ड्रायव्हर घ्यावा. आणि त्रास एखाद्या अपडेटनंतरच सुरू झाला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणाच्या ‘ड्रायव्हर’ या पानावर ‘रोल बॅक’चे बटण उपलब्ध असल्यास ते वापरून जुन्यावर परतावे. नवे ते चांगलेच असते, असे ड्रायव्हरच्या बाबतीत मुळीच समजू नये. दोन्हींनी भागले नाही तर तापकीर गल्लीत जाऊन वेगळ्या चिपचे डोंगल घ्यावे, ते आपल्या नव्या रॅमहून नक्कीच स्वस्त पडेल.

केबलवरही आकडा वाढत राहिला, तर मात्र खोलात जावे लागेल. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ड्रायव्हर किटसोबत ‘पूलमॉन’ नावाचे एक छोटे साधन मिळते. ते काळ्या खिडकीत एक तक्ता दाखवते, ज्यात प्रत्येक उचल चार अक्षरी खुणेखाली नोंदलेली असते आणि पुढे किती वेळा मेमरी घेतली, किती वेळा परत केली आणि फरक किती, असे रकाने असतात. बँकेत चाळीस वर्षे काढलेल्या माणसाला तो वाचायला शिकवावे लागणार नाही. ज्या खुणेचा फरक सतत वाढतो, ती खूण कोणत्या ड्रायव्हर फाइलमध्ये आहे हे शोधता येते. एक सावधगिरी बाळगावी : खूण मेमरी कोणी मागितली ते सांगते, ती कोणामुळे अडकली हे दरवेळी सांगत नाही. अँटिव्हायरस आणि व्हीपीएन हेही येणाऱ्या-जाणाऱ्या माहितीच्या वाटेत स्वतःचे ड्रायव्हर बसवतात, म्हणून विंडोजच्याच एखाद्या फाइलवर बोट दिसले, तर त्या फाइलशी जोडलेली विंडोजची सेवा बंद करण्याआधी हे दोन काढून पाहावेत.

फास्ट स्टार्टअप बंद करावे का? कंट्रोल पॅनलमधील पॉवर बटणांच्या सेटिंगमध्ये जाऊन ते अवश्य बंद करावे, सकाळी काही सेकंद अधिक लागतील. पण त्याने गळती थांबत नाही, रोज रात्री फक्त खाते शून्यावर येते. सर्व पुसून विंडोज नव्याने टाकण्याचा, म्हणजे फॉरमॅटचा, सल्ला मात्र आम्ही देणार नाही, कारण विंडोज अपडेट तोच ड्रायव्हर पुन्हा आणून बसवण्याची शक्यता मोठी आहे आणि मग आपला एक रविवार वाया जाईल.

प्रश्न : मी चिंचवडमध्ये शिकवण्या घेते. माझ्या संगणकावर महिन्यातून दोन-तीनदा ‘मेमरी कमी आहे’ अशी सूचना येते, पण ती येते तेव्हा मी वर्ग घेत असते आणि घाईने सर्व बंद करावे लागते, त्यामुळे दोषी कोण ते पाहणे होत नाही. मागाहून कळण्याची काही सोय आहे का?

उत्तर : आहे, आणि ती आपल्या संगणकावर आधीपासूनच चालू आहे. मेमरी संपत आली की विंडोज त्याची नोंद ठेवते. ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून ‘विंडोज लॉग्ज’मधील ‘सिस्टिम’ या भागात २००४ क्रमांकाच्या नोंदी गाळून पाहाव्यात. ‘रिसोर्स एक्झॉशन डिटेक्टर’ या नावाखालील नोंदीत त्या क्षणी सर्वाधिक मेमरी घेतलेल्या तीन प्रोग्रॅमांची नावे आकड्यांसह लिहिलेली असतात. तीन-चार नोंदींत तेच नाव पहिले येत असेल, तर शोध संपला. नाव ब्राउझरचे असेल, तर त्याला लगेच दोषी धरू नये. त्यातील नेमका कोणता टॅब किंवा एक्स्टेन्शन फुगले आहे, हे क्रोम किंवा एजमध्ये शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्यावर उघडणाऱ्या त्यांच्या स्वतःच्या टास्क मॅनेजरमध्ये दिसते.

नोंदी दरवेळी वेगळीच नावे सांगत असतील, तर ‘परफॉर्मन्स मॉनिटर’ला पहाऱ्यावर बसवावे. त्यात नवा ‘डेटा कलेक्टर सेट’ करून प्रत्येक प्रोग्रॅमचे ‘प्रायव्हेट बाइट्स’ (केवळ त्याने स्वतःसाठी घेतलेली मेमरी) आणि ‘हँडल काउंट’ (त्याने उघडून ठेवलेल्या फायली वगैरेंची संख्या) दर पाच मिनिटांनी लिहून घेण्यास सांगावे आणि आठवडाभर विसरून जावे. आलेख उघडल्यावर शिखरांकडे पाहू नये. ब्राउझरची रेघ करवतीच्या दातांसारखी वरखाली होतच असते. पाहायचे ते तळ. दर उतरणीनंतरचा तळ आधीच्या तळापेक्षा वर राहत असेल, तर तेथे गळती आहे. कधी मेमरी थोडीच वाढते पण हँडलची संख्या काहीशेवरून लाखावर गेलेली दिसते; प्रिंटर किंवा वेबकॅमसोबत आलेले आणि घड्याळाशेजारी बसून राहणारे छोटे मदतनीस प्रोग्रॅम यात अनेकदा सापडतात. ते काढले तरी सहसा छपाई थांबत नाही.

प्रश्न : काहीही चालू नसताना टास्क मॅनेजरमध्ये ‘कॅश्ड’ ६ जीबी दिसते. ही गळती आहे का? मेमरी साफ करणारा एक प्रोग्रॅम मी विकत घेतला आहे, तो चालवला की आकडा खाली येतो आणि तासाभरात पुन्हा वाढतो. (नारायण पेठ)

उत्तर : ही गळती नाही. रॅम रिकामी पडून राहण्यापेक्षा नुकत्याच वापरलेल्या फायली विंडोज तिच्यात हाताशी ठेवते आणि कोणी जागा मागितली की तत्काळ सोडून देते. म्हणूनच हा आकडा ‘अव्हेलेबल’मध्येही धरलेला असतो. साफ करणारा प्रोग्रॅम त्या फायली हाकलतो, आणि त्या डिस्कवरून पुन्हा आणण्यात आपला संगणक तासभर उगाच राबतो. तो प्रोग्रॅम काढून टाकावा, आणि त्याची वर्गणी दरवर्षी आपोआप कापली जात असेल, तर तीही बंद करावी.