माळावर दिवसाउजेडी दिसलेले घुबड

प्रश्न : गेल्या जानेवारीत अथणीहून चिकोडीकडे मोटारीने येताना, दिवस मावळायला बराच अवकाश असतानाच, रस्त्यालगतच्या पडीक माळावर एक घुबड जेमतेम पुरुषभर उंचीवरून उडताना दिसले. थोड्या वेळाने ते शाळूच्या रानाच्या बांधावर उतरले. डोळे पिवळे होते, अंगाचा रंग वाळल्या गवतासारखा होता आणि उडताना पंखांच्या फिकट खालच्या बाजूवर एकेक काळा डाग दिसत होता. हा दुर्मीळ वनपिंगळा असेल काय?
– एक वाचक, अथणी तालुका

उत्तर : वनपिंगळा नव्हे. 1884 नंतर जो शास्त्रज्ञांना सापडत नव्हता, तो पक्षी 1997 मध्ये आजच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा आढळला, त्यामुळे दुर्मीळ घुबड म्हटले की त्याचेच नाव ओठांवर येते. परंतु तो पानझडी जंगलातला, जेमतेम वीतभर लांबीचा पक्षी आहे. आपले वर्णन आखूड कानांच्या घुबडाशी जुळते. युरोप आणि आशियाच्या उत्तर भागात वीण करणारे हे घुबड हिवाळ्यात आपल्याकडे पाहुणे म्हणून येते आणि झाडाऐवजी उघड्या गवताळ रानात, जमिनीवरच विसावते. दिवस कलला की ते माळावर खालून, संथ पंख मारत उंदीर हेरू लागते. म्हणूनच ते उजेडी मोटारीतून दिसू शकते.

तरीही एक शंका फेडून घ्यावी लागेल. आपल्या भागातील ओढ्यांच्या दरडींत आणि दगडखाणींत राहणारे शृंगी घुबडही दिवसा बांधावर बसलेले आढळते, आणि माझ्या मते घाईत झालेल्या बहुतेक चुका याच दोघांत होतात. शृंगी घुबड बसलेले असताना त्याच्या डोक्यावरची पिसांची दोन शिंगे लांबूनही नजरेत भरतात. आखूड कानांच्या घुबडाची शिंगे इतकी लहान असतात की बहुधा ती दिसतच नाहीत. त्याच्या पिवळ्या डोळ्यांभोवती काजळ फासल्यासारखा काळा रंग असतो, आणि छातीवरच्या दाट रेघा पोटाकडे विरळ होत जातात. बसलेल्या पक्ष्याचे छायाचित्र असल्यास या तीन गोष्टी तपासाव्यात. गव्हाणी घुबडाचा प्रश्नच येत नाही, कारण त्याचे डोळे काळे आणि चेहरा पांढरा असतो.

पुन्हा दिसल्यास मोटार रस्त्याच्या कडेला घेऊन इंजिन बंद करावे आणि आतूनच पाहावे. थांबलेल्या गाडीला न बुजणारा पक्षी दार उघडून माणूस उतरला की उडून जातो. तारीख, वेळ आणि जागेची नोंद करावी, पण नेमकी जागा व्हॉट्सॲपवर फिरवू नये. घुबडांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असले तरी जादूटोण्यासाठी त्यांची शिकार करणारे आजही आहेत. (घुबड आडवे गेले म्हणून गाडी मागे वळवणारे त्यांच्या मानाने निरुपद्रवीच म्हणायचे.)

प्रश्न : जांबोटीहून चोर्ल्याकडे जाताना रात्री डांबरी रस्त्यावरच बसलेला, लाल डोळ्यांचा पक्षी दिसतो. तेही घुबडच का?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : तो रातवा असावा. दिव्याच्या झोतात त्याचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. तो उडते किडे पकडणारा पक्षी आहे आणि उघड्या रस्त्यावर बसणे ही त्याची नेहमीची सवय आहे. परंतु झोताने दिपला की तो शेवटच्या क्षणापर्यंत जागचा हलत नाही, आणि घाटातील वळणांवर वेगाने जाणाऱ्या चालकाला तो वेळेत दिसतोच असे नाही. तेव्हा दिवा डीपरवर घ्यावा, वेग कमी करावा आणि तो उडाल्यावरच पुढे जावे.