आजोबांच्या हातातला पेपर कुठला?

प्रश्न : मुक्तिपूर्व गोव्यावरच्या एका मालिकेत आजोबा पडवीत बसून मराठी पेपर वाचतात. प्रसंग १९५५ सालचा. चित्र थांबवून पाहिलं, तर नाव घडीत गेलंय, शेवटची ‘...न्तक’ एवढीच अक्षरं दिसतात. तळाला कापडदुकानाची जाहिरात आहे, पत्ता ‘पणजी ४०३ ००१’. हा पेपर कुठला? मागच्या कपाटातली पुस्तकं ओळखता येतील का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : नावाचा शेवट पाहता तो ‘गोमन्तक’ असावा, आणि तिथंच घोटाळा आहे. ‘गोमन्तक’ सुरू झाला २४ मार्च १९६२ला, गोवा मुक्त झाल्यावर तीन महिन्यांनी. तुम्ही टिपलेला पत्ता तर त्याहून बोलका. पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ला. म्हणजे आजोबा निदान सतरा वर्षं पुढचा अंक वाचताहेत.

मी छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवण्यात उमर घालवली. पेपर दिसला की माझी नजर आधी तळाकडे जाते. नाव वरून चिकटवता येतं, छोट्या जाहिरातींना मात्र कुणी हात लावत नाही. किंमत आण्यांत असेल तर अंक भारतातला आणि बहुधा १९५७च्या एप्रिलआधीचा; ‘नवे पैसे’ असतील तर त्यानंतरचा. मग अक्षरं पाहा. खिळ्यांच्या छपाईत एखादी वेलांटी तुटलेली असते, एखादा उकार शाई न लागल्यानं फिका उमटतो, ओळीतलं एखादं अक्षर केसभर वर चढलेलं असतं. सगळी अक्षरं एकसारखी गुळगुळीत दिसली की मजकूर बहुधा संगणकावर जुळवलाय.

हे एवढं ताणून सांगतोय, कारण १९५५ हे गोव्यात साधं साल नव्हतं. त्या १५ ऑगस्टला सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत इथं छापल्या जाणाऱ्या मजकुरावर सेन्सॉर बसलेला होता. भारतातून आलेला मराठी पेपर पडवीत, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेसमोर उघडून बसणं हे धाडसाचं काम. आजोबांच्या हातात पोर्तुगीज ‘ओ एराल्दो’ दिला असता तर प्रसंग खरा वाटला असता. ते दैनिक १९००पासून निघत होतं. मराठीच पेपर हवा होता, तर आजोबांना आतल्या खोलीत बसवायचं. प्रेक्षकाला त्यांची भीतीही कळली असती आणि हिंमतही. पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जुनी वृत्तपत्रं जपून ठेवलेली आहेत. मालिकावाल्यांनी तिथं एक सकाळ घालवायला हवी होती.

पुस्तकांचं म्हणाल, तर चित्र थोडं उजळ करून कण्यावरच्या, म्हणजे पुस्तकाच्या बांधणीकडच्या उभ्या पट्टीवरच्या, नावाची दिशा बघा. इंग्रजी पुस्तकांच्या कण्यावर नाव वरून खाली जातं, जुन्या पोर्तुगीज पुस्तकांवर बहुधा खालून वर. मान डावीकडे कलवून नाव वाचता आलं तर पुस्तक पोर्तुगीज असण्याची शक्यता जास्त. सारख्या रंगाचे, सारख्या उंचीचे, सोनेरी आकड्यांचे कणे ओळीनं दिसले तर ते बहुतेक विश्वकोशाचे नाहीतर कायद्याचे खंड. एक शब्द जरी लागला तरी मला कळवा, पुढचा शोध मी घेतो.

प्रश्न : वेगवेगळ्या अमेरिकन मालिकांत एकच पेपर दिसतो, लांब काळ्या केसांच्या मुलीचा फोटो असलेला. असं का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : नजर चांगली आहे तुमची. तो खरा पेपर नव्हेच. कॅलिफोर्नियात अर्ल हेज प्रेस नावाचा, १९१५पासूनचा छापखाना आहे. चित्रपटांसाठी लागणारे कागद छापणं हाच त्याचा धंदा. खरा पेपर दाखवायचा तर परवानगी काढावी लागते, म्हणून निर्माते तयार गठ्ठा विकत घेतात. ‘मॅरिड विथ चिल्ड्रन’मध्ये तीच मुलगी आहे, ‘मॉडर्न फॅमिली’तही तीच.